गॅस गिझर पेटत नाही? कव्हर खोलायच्या आधी या चुका टाळा

डिसेंबर लागला की माझा फोन सकाळी सहालाच वाजायला लागतो. "भाऊ, गिझर पेटत नाहीये, पोरांची शाळा आहे." मी एकच विचारतो, नळ सोडल्यावर टिकटिक येते का? निम्म्या लोकांना सांगताच येत नाही. कव्हर मात्र खोलून झालेलं असतं, व्हिडिओ बघत.

अहो, आधी ऐका. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, सरकतो, तो पिन ढकलतो, पिनमुळे मायक्रोस्विच, म्हणजे एक छोटं बटण, दबतं, मग सेलवर स्पार्क सुरू होतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. आवाजच नाही म्हणजे पाण्याचा दाब कमी, नाहीतर सेल उतरलेले. टिकटिक आहे पण जाळ नाही तर गॅसकडे बघा. पेटून चारपाच सेकंदात विझतो तर जाळ ओळखणारी सेन्सरची काडी काजळली असेल किंवा परत सेलच. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

आता सेल. "परवाच बदललेत" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवतो आणि खिशातले माझे दोन सेल घालून बघतो. दहातल्या सहा ठिकाणी गिझर लगेच पेटतो, मग घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. एक नवा एक जुना असं घालायचं नाही. टॉर्च पेटतो म्हणून सेल चांगला असं पण नसतं, टॉर्च उतरलेल्या सेलवरही मिणमिणतो, इथे स्पार्क आणि व्हॉल्व्ह दोघांना एकदम करंट लागतो. चार्जिंगचे सेल तर घालूच नका, ते १.२ व्होल्टचे, दोन मिळून २.४, आणि गिझरला ३ पाहिजेत. मे महिन्यात गावी जाताना सेल काढून ठेवा, नाहीतर आत पाझरतात आणि पट्ट्यांवर कीट चढतो. कीट चढलाच तर बारीक पॉलिश पेपर मारा.

पण माझं खरं दुखणं म्हणजे पाण्याचा दाब. धायरीत एका सोसायटीत वरच्या मजल्यावर एक काका. सेल बदलले, रेग्युलेटर बदलला, सिलिंडर बदलला, शेवटी वैतागून गिझरच नवा आणला, तोही ढिम्म. मी गेलो, नळ सोडला, धार करंगळीएवढी. गच्चीवरची टाकी गिझरच्या डोक्यावर जेमतेम पाच फूट. दहा मीटर उंचीवर टाकी असेल तेव्हा कुठे एक किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) दाब मिळतो, पाच फुटांवर काय मिळणार, डायफ्राम हलायला तयार नाही. काका म्हणाले, "अरे पण अगदी खालच्या मजल्यावर तर हाच गिझर मस्त चालतो." चालणारच ना काका, त्यांच्या डोक्यावर अजून चार मजल्यांचं पाणी आहे! शेवटी छोटा प्रेशर पंप बसवला. जुना गिझर तोपर्यंत भंगारात गेला होता, आणि तो चांगला होता.

म्हणून माझी सवय सांगतो. एक लिटरचा जग गरम पाण्याच्या नळाखाली धरायचा आणि घड्याळ बघायचं. वीस सेकंदात भरला तर ठीक, त्याहून जास्त लागले तर गिझरला हात लावायच्या आधी पाणी येतं तिथली जाळी काढून धुवा, बोअरचं पाणी असेल तर वाळूच निघते. शॉवरची भोकं क्षाराने बुजली असतील तरी हेच होतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. नवीन सिलिंडर लावल्यावर पाइपात हवा असते, पहिल्या झटक्यात पेटला नाही म्हणून घाबरू नका. सिलिंडर संपत आला की शेगडी चालते पण गिझर नाही, त्याला गॅस भरपूर लागतो. पाइपलाइनचा गॅस आला म्हणून सिलिंडरवरचा गिझर तसाच जोडू नका, नोझल, म्हणजे गॅस बाहेर सोडणारं भोक, वेगळं असतं.

आणि काडी लावणारे! पेटत नाही म्हणून चार वेळा नळ चालू-बंद करायचा आणि मग कव्हर काढून काडी ओढायची. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचून राहतो. मी शिकाऊ असताना हे केलंय, भुवया दीड महिना नव्हत्या. दोनदा पेटला नाही तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, पाच मिनिटं थांबा. वास येत असेल तर लाइटचं बटण पण दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करून बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

बंद बाथरूममध्ये बसवलेला गिझर मी दुरुस्तच करत नाही, कितीही ओळखीचे असोत. गॅस जळताना बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग, माणूस अंघोळीला जातो आणि आतच पडतो. आधी गिझर बाहेर गॅलरीत घ्या, मग बोलावा.

आणि बोलवाल तेव्हा नळ सोडून फोन गिझरजवळ धरा, सोबत काय आणायचं ते मला ऐकूनच कळतं.