म्युझियममध्ये एआर लावताय? या चुका टाळा

नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि एआर (फोनमधून बघितलं की समोरच्या खऱ्या वस्तूवर चित्र किंवा मॉडेल दिसतं ते तंत्र) म्हटलं की पहिल्याच मीटिंगला कुणीतरी म्हणतं, डायनासोर चालवूया. चालवा की, पण समोर उभ्या असलेल्या सांगाड्याशी त्याचा संबंध काय ते आधी ठरवा, नाहीतर तसला डायनासोर पोरं घरी सोफ्यावर लोळत पण बघतात, त्यासाठी तिकीट कोण काढेल. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियमने २०१५ मध्ये 'स्किन अँड बोन्स' अ‍ॅप काढलं ते जुन्या बोन हॉलमधल्या फक्त १३ सांगाड्यांसाठी. त्यातल्या काहींवर फोन धरला की हाडांवर कातडी चढते, प्राणी हलतो. सगळा हॉल कव्हर करायचा हट्ट नाही, मला हेच पटतं.

सगळ्यात डोकं खातं ते ट्रॅकिंग, म्हणजे कॅमेऱ्याने समोरची वस्तू ओळखून मॉडेल तिच्यावरच धरून ठेवणं. ऑफिसात मस्त चालतं आणि हॉलमध्ये गेलं की मॉडेल थरथरतं, सरकतं, कधी उगवतच नाही. कारण सरळ आहे, उजेडाने पिसांचे आणि कातडीचे रंग उडतात म्हणून तिथे प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपासच ठेवतात, त्यात समोर काच, काचेत स्पॉटलाइट आणि मागच्या काकांचा पिवळा टी-शर्ट, मग कॅमेऱ्याला धरायला खूण सापडणार कुठून. लाइट वाढवा म्हणून क्युरेटरच्या मागे लागू नका, तो ऐकणार नाही आणि बरोबरच आहे त्याचं. मार्कर (कॅमेरा ओळखतो ते छापील चित्र) काचेच्या बाहेर आणा, मॅट कागदावर छापा (चकचकीत लॅमिनेशन अजिबात नको), चित्र गिचमिड, भरपूर कोपऱ्यांचं असू द्या, साधा गोल लोगो चालत नाही. आणि टेस्टिंग रविवारी दुपारी भर गर्दीत करा, म्युझियम बंद असताना सगळंच चालतं!

गेटवर मोठं अ‍ॅप डाउनलोड करायला लावणं ही दुसरी चूक. क्यूआर कोडवरून ब्राउझरमध्येच उघडू द्या, थोडं साधं दिसेल पण स्वस्त अँड्रॉइडवर निदान उघडेल तरी. एका नमुन्याला अर्धा मिनिट पुरे, फोन वर धरून हात भरून येतो.

हेडसेटचं सांगायचं तर पॅरिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०२१ मध्ये होलोलेन्स (मायक्रोसॉफ्टचा डोक्याला लावायचा एआर चष्मा) घालून नामशेष प्राणी दाखवायला सुरुवात केली, भारीच प्रकार, पण मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये बंदच केलं. म्हणून एकाच यंत्रावर सगळं बजेट लावू नका आणि थ्रीडी मॉडेलच्या मूळ फाइल्स एजन्सीकडून करारातच मागून घ्या, नंतर मागितल्या की वेगळं कोटेशन येतं.