सगळ्यात हळू तो पहिला: जुन्या ट्रॅक्टरांच्या खेळांत या चुका टाळा

पहिल्या वर्षी आमच्या मैदानात पहिला नंबर आला तो जळलेल्या क्लचप्लेटच्या वासाचा. निफाड तालुक्यातलं गाव, डिसेंबरातली सकाळ, बागांवर धुकं, आणि आम्ही मोठ्या हौसेने लावलेली सावकाश शर्यत. अंतर पन्नास फूट, जो शेवटी पोचेल तो पहिला. एक नाना आपला जुना बी-275 ट्रॅक्टर घेऊन उतरले. फुटाफुटाला अर्धा क्लच दाबत त्यांनी ट्रॅक्टर असा काही रेंगाळवला की लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग नानांच्या पायाखालून धूर आला. प्लेट गेली, बेअरिंग गेलं, आणि संध्याकाळी दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून तो घरी न्यावा लागला. नाना काही बोलले नाहीत. नानी बोलल्या: "खेळ तुमचा, अन् भुर्दंड आमच्या म्हाताऱ्याला?" म्हातारा म्हणजे ट्रॅक्टर की नाना, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

चूक आमची होती. नियमांच्या कागदावर क्लच हा शब्दच नव्हता. त्यानंतर दोन वेळा हे खेळ घेतले, आणि दर वेळी कागद थोडा लांबला. यंदा कोणाच्या गावात जत्रेला किंवा कृषी प्रदर्शनाला जोडून असं काही ठरत असेल, तर आमच्या चुका फुकट घेऊन जा.

शर्यत म्हणजे वेग, हे आधी डोक्यातून काढा

बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर 2021 मध्ये उठली, मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदाही उचलून धरला, आणि तेव्हापासून ‘शर्यत’ म्हटलं की पब्लिकला धुरळाच हवा असतो. आमच्याकडेही पोरांचा पहिला प्रश्न तोच: "टॉपमध्ये कधी पळवणार?" उत्तर एकच ठेवा. कधीच नाही.

मैदानात येतात कोण ते बघा. साठच्या दशकातला इंटरनॅशनल, 1971 पासून पिंजोरला बनलेला एचएमटीचा झेटर 2511, 1974 नंतरचा स्वराज 724, आयशरचा एका सिलिंडरचा हवेवर थंड होणारा, फर्ग्युसनचा 1035. यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना. डोक्यावर पलटी झेलणारी चौकट नाही. स्टिअरिंगमध्ये चार बोटं खेळ (ढिलेपणा) असतोच, आणि तो खेळ मालकाच्या हाताला पाठ असतो, दुसऱ्याच्या नाही. शेतात हा ट्रॅक्टर अजून चोख काम करील. सपाट मैदानात तो भरधाव सोडला की पहिल्याच वळणाला कोणाच्या हातात काही राहत नाही. शिवाय वाहन विम्याच्या कागदावर शर्यत आणि वेगाची चाचणी या गोष्टी भरपाईतून वगळलेल्या असतात. नाव नोंदवायला येणाऱ्याला हे आधीच वाचून दाखवा.

सावकाश शर्यत: नियम न करता झेंडा दाखवणे

सगळ्यात हसवणारा खेळ हाच, आणि सगळ्यात जास्त भांडणंही यातच. क्लचचा नियम आता आम्ही असा ठेवला आहे: झेंडा पडला, क्लच सोडला, की डावा पाय पायदानावर सपाट. पुन्हा क्लचला लागला तर बाद. ब्रेकलाही हात-पाय नाही. सुरुवातीला लो मध्ये पहिला गिअर आणि हाताचा रेझ (अ‍ॅक्सिलरेटर) पूर्ण खाली, असाही नियम होता. पायाकडे बघायला प्रत्येक ट्रॅक्टरसोबत बाजूने एक माणूस चालतो, चाकापासून दोन हात लांब.

पण एवढ्याने न्याय होत नाही, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. प्रत्येक कंपनीचा पहिला गिअर वेगळा. ताशी दीड किलोमीटरने सरकणारा ट्रॅक्टर पन्नास फुटांना साडेछत्तीस सेकंद घेतो, अडीचने सरकणारा बावीस. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच निकाल गिअरबॉक्समध्ये लिहिलेला. ड्रायव्हरने काय करायचं? त्यात काही हुशार मंडळी आदल्या दिवशी मेकॅनिककडून आयडलिंग (रेझ न देता इंजिन फिरण्याचा वेग) इतकं खाली आणून ठेवतात की इंजिन गचके खात मरतं, आणि मग ‘आमचा ट्रॅक्टर खराब केला’ म्हणून ओरड.

आम्ही खेळच फिरवला. सकाळी प्रत्येकाने एकदा पन्नास फूट चालवून स्वतःची वेळ नोंदवायची. दुपारी घड्याळ-मोबाइल काढून ठेवायचे, आणि तीच वेळ पुन्हा आणून दाखवायची, हवा तो गिअर, हवा तो रेझ. ज्याचा फरक सगळ्यात कमी तो पहिला. आता इंजिनाचा आवाज कानाने ओळखणारा माणूस जिंकतो. गेल्या वेळी बक्षीस गेलं ते सत्तरीच्या एका अण्णांना. त्यांचा फरक एक सेकंदही नव्हता. कसं जमलं विचारलं तर म्हणाले, "मनात मारुतीचं स्तोत्र म्हणत होतो. सकाळी जिथं संपलं, दुपारीबी तिथंच."

वेळ घ्यायला तीन मोबाइल ठेवा आणि मधला आकडा धरा. एका घड्याळावर निकाल दिला की तो घड्याळवाला कोणाचा मेहुणा, इथून चर्चा सुरू होते.

ट्रॉली रिव्हर्स: पुढे किती वेळा घ्यायचं?

आपल्याकडचा खरा खेळ हा: ट्रॉली मागे घेत बांबूंच्या फाटकातून आत घालायची. परदेशात जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळ्यांत गाडा मागे घेण्याची स्पर्धा असते, पण उसाच्या फडातून ट्रॉली काढणाऱ्या आपल्या ड्रायव्हरांपुढे ती लुटुपुटूची वाटावी. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी एवढंच: दोन चाकी ट्रॉली स्टिअरिंगच्या उलट जाते. चार चाकी ट्रॉलीत पुढचा गाडा वेगळा फिरतो, त्यामुळे उलट्याचं पुन्हा उलट होतं, आणि पाहणाऱ्याची मान दुखायला लागते.

पहिली चूक म्हणजे ज्याने त्याने आपली ट्रॉली आणणे. आखूड ट्रॉली पटकन दुमडते, लांब ट्रॉली उशिरा ऐकते. ट्रॉली एकच ठेवा आणि सगळ्यांना तीच जोडायला लावा. जोडण्याचा वेळही मोजला तर आणखी मजा, कारण एकट्याने हुकाची पिन पाडणं हीच अर्धी परीक्षा आहे. फक्त त्या वेळी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कोणी उभं नको. भावकीतला कोणीतरी ‘थोडं मागं, थोडं मागं’ करत हमखास तिथेच जाऊन उभा राहतो.

दुसरी चूक नियमांची. ट्रॉली दुमडली की पुढे घेऊन सरळ करायची मुभा किती वेळा? आम्ही ठरवलं नव्हतं, आणि एका पठ्ठ्याने अकरा वेळा पुढे घेऊन शेवटी ट्रॉली आत घातली. वेळ त्याचीच सगळ्यात कमी! आता दोनदा फुकट, पुढच्या प्रत्येक वेळी दहा सेकंद दंड, बांबू पडला तर पाच. फाटक पहिल्या फेरीत ट्रॉलीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर रुंद, अंतिम फेरीत सहा इंच. मागच्या डाव्या-उजव्या चाकाला वेगळा ब्रेक असतो, तर वळणावर एका बाजूचा ब्रेक वापरू द्यायचा की नाही, हेही आधी सांगा. आम्ही देतो. ती जुन्या ट्रॅक्टरची कलाच आहे.

पाठीला पाठ लावून ओढाताण: नकोच

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. दोन ट्रॅक्टर साखळीने मागून जोडायचे आणि कोण कोणाला ओढतो ते बघायचं, याची हौस दर वर्षी कोणाला तरी येते. व्हिडिओ छान होतो म्हणतात.

ट्रॅक्टर मागे उलटतो कसा ते समजून घ्या. ओढ ड्रॉबारला (ट्रॅक्टरच्या मागची, ओढायची लोखंडी पट्टी), म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या खाली असेल, तर जोर लागल्यावर पुढचं तोंड थोडं हलकं होतं, पण सहसा उचललं जात नाही. तीच साखळी टॉप लिंकच्या (अवजाराला धरणारी वरची दांडी) जागी किंवा अ‍ॅक्सलवरून बांधली, की मागची चाकं जमिनीत रुतून थांबतात आणि इंजिनाची ताकद चाकाऐवजी पुढचं तोंड वर उचलायला लागते. तिथून पालथं पडायला दीड-दोन सेकंद पुरतात. क्लच दाबायचं सुचेपर्यंत खेळ संपलेला असतो. ओढाताणीत तर समोरच्याने झटका दिला की साखळीची दिशाच बदलते, मग ड्रॉबारला बांधूनही भरवसा नाही. आणि नायलॉनचा दोर वापरणं त्याहून वाईट: तो रबरासारखा ताणतो, आणि तुटला की हुकासकट गर्दीत जातो.

ताकदच दाखवायची असेल तर लाकडी फळ्यांची घसरण (जमिनीवरून घसटत जाणारा बिनचाकाचा गाडा) घ्या, तिच्यावर मातीने भरलेली पोती चढवत जा, साखळी ड्रॉबारलाच, आणि एका वेळी एकच ट्रॅक्टर. चाक जागेवर फिरलं की शिट्टी. गोणी मोजून नंबर. पब्लिकला हेही आवडतं, कारण पोती चढवायला गावचे पैलवान लागतात.

किरकोळ खेळ, मोठ्या खोड्या

पिंप ढकलण्याचा खेळ सोपा वाटतो: आडवा पिंप पुढच्या चाकाने लोटत रेषेपार न्यायचा. पोचा पडलेला लोखंडी पिंप मात्र घेऊ नका. चाकाची पुढची बाजू खाली येत असते आणि पिंपाची मागची बाजू वर जात असते, दोन्ही एकमेकांना घासतात. पिंप अडला की टायर त्यावर चढतो. गुळगुळीत प्लास्टिकचा, रिकामा पिंप घ्या, आणि तो औषधाचा नको. खेळ संपला की पोरं त्यात घुसतात.

लिंबू-चमचा ट्रॅक्टरवर खेळायचा तर चमचा तोंडात नको. एक खड्डा लागला आणि एका भावाचा दात हलला. त्याऐवजी काठोकाठ भरलेली बादली ड्रॉबारच्या फळीवर ठेवा, अडथळ्यांतून फिरवून आणा आणि उरलेलं पाणी मापाने मोजा. आमच्याकडे सगळ्यात चुरशीचा खेळ हाच झाला. आयशरवाले तक्रार करतात की एका सिलिंडरची थरथर पाणी सांडते. खरं आहे. त्यांना अर्धा लिटर सूट देतो.

डोळे बांधून चालवणे, मागून बायकोने ‘डावीकडं, उजवीकडं’ सांगणे, हा प्रकार ऐकायला गमतीचा. दोन टनांच्या लोखंडावर तो नको. हातगाडीवर घ्या, हशा तेवढाच पिकतो.

आणि मडगार्ड. कोणत्याही खेळात दुसरा माणूस मडगार्डवर बसणार नाही, मांडीवर नातू बसणार नाही. हे सांगताना वाईटपणा येतो, कारण आपण सगळे तसेच बसून मोठे झालो. तरी सांगायचं.

मैदान आणि झेंडा

पिंपळगाव, निफाड पट्ट्यातली काळी जमीन फक्की धरत नाही. दोन ट्रॅक्टर गेले की रेषा गायब आणि पंच एकमेकांकडे बघतात. फक्कीऐवजी बागेतली जुनी ठिबकची नळी अंथरा आणि तारेच्या आकड्यांनी जमिनीत रोवा. टायर वरून गेला तरी बिघडत नाही, आणि नळीला चाक लागलं की लांबूनही दिसतं. वळणांसाठी टोमॅटोचे रिकामे कॅरेट. प्रेक्षकांचा दोर बाजूंनाच बांधा. ट्रॅक्टर ज्या दिशेने धावतो त्या टोकाला माणूस नको, बक्षिसांचा टेबलही नको.

डीजे खेळ चालू असताना बंद. ड्रायव्हरला शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून थांबण्याची खूण हाताची ठेवा: दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की इंजिन बंद. इथे एक बारकावा. जुनं डिझेल इंजिन चावी काढली तरी चालूच राहतं, ते बंद होतं खटका ओढून. आणि हा खटका प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये वेगळ्या जागी असतो, काहींत तर मालकाने तारेचा तुकडा बांधलेला असतो. नोंदणीच्या वेळी पंचाने तो स्वतः ओढून बघायचा आणि त्याला लाल चिंधी बांधायची. आमच्याकडे हे न केल्यामुळे एकदा घाबरलेला पंच चावी हातात घेऊन ट्रॅक्टरमागे पळत होता.

मध्येच बंद पडला तर

दहापैकी आठ वेळा डिझेलच्या नळीत हवा अडकलेली असते. टाकीत तळाला डिझेल ठेवून आलेले लोक आणि उताराचं मैदान, एवढं पुरतं. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. म्हणून टाकी निम्मी तरी भरलेली हवी. गरम झाला असेल तर पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कडबा बघा. झाकण लगेच उघडू नका. आयशरला रेडिएटरच नाही, त्याच्या पंखांमधली धूळ झाडा. धुरळ्याच्या मैदानात ऑइलबाथ एअर क्लीनरचं (तेलातून हवा गाळणारा) तेल सकाळी बदललेलं चांगलं, संध्याकाळी त्याचा चिखल झालेला दिसेल.

बक्षीस रोख ठेवू नका. पैशापुढे माणूस क्लच जाळतो. ऑइलचा डबा, फिल्टर, नवी सीट, शाल-श्रीफळ पुरे. ‘सर्वात जुना ट्रॅक्टर’ हे बक्षीस ठेवायचं तर आरसी बुकातलं साल धरा, आजोबांच्या आठवणीतलं नको.

चार वाजता शेवटचा झेंडा पाडा. डायनॅमोच्या दिव्यांवर आग्रा महामार्गाने अंधारात घरी जाणं बरं नाही. आणि मैदानाच्या फाटकावर एक माणूस उभा करा. रिव्हर्सच्या खेळासाठी सगळ्यांनी डाव्या-उजव्या ब्रेकच्या पायट्यांमधली कडी काढलेली असते, आणि ती तशीच ठेवून ते रस्त्याला लागतात. तिथे घाईत ब्रेक मारला की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. त्या माणसाने बाकी काही बघायचं नाही. खाली वाकायचं, कडी बसली आहे का पाहायचं, आणि मगच दोर खाली करायचा.