मंगळावरचं बोअर जतमध्ये बसून कसं बघायचं

मी २६ वर्षं बोअरची गाडी चालवली. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, इकडं सांगोल्यापर्यंत. आता गाडीवर पोरगा असतो, आणि मी रात्री जेवण झालं की थोरलीच्या लॅपटॉपवर मंगळ बघत बसतो. नासाच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या मंगळावर फिरणाऱ्या दोन्ही रोव्हरचे, म्हणजे यंत्रगाड्यांचे, कच्चे फोटो कुणालाही फुकट बघता येतात. पण पान उघडलं की फोटोंचा नुसता ढीग दिसतो. माणूस दोन दिवस लाल दगड बघतो, तिसऱ्या दिवशी कंटाळतो. आमच्या शेजारच्या सरांचं असंच झालं. म्हणून माझी पद्धत सांगतो: सगळा मंगळ बघू नका, एक भोक धरा.

सुरुवात जुन्या भोकापासून करा. क्युरिऑसिटीच्या कच्च्या फोटोंच्या पानावर 'सोल' विचारतात. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, आपल्यापेक्षा साधारण ४० मिनिटांनी मोठा. ६ ऑगस्ट २०१२ ला ही क्युरिऑसिटी गाडी मंगळावर उतरली तो सोल शून्य. तिथं १८२ टाका आणि कॅमेऱ्यांत 'मॅहली' निवडा. हा गाडीच्या हातावरचा, भिंगासारखा जवळून बघणारा कॅमेरा. शेजारी शेजारी दोन भोकं दिसतील. एक उथळ, दोनेक सेंटिमीटरचं. ते दोन सोल आधी अंदाज घ्यायला मारलेलं. दुसरं खरं, १.६ सेंटिमीटर रुंद आणि ६.४ खोल. माझ्या साडेसहा इंची बोअरपुढं ते खेळणंच, पण मंगळाच्या खडकात घुसून नमुना काढणारं ते पहिलं बोअर होतं.

आता भोक सोडा, कडेला पडलेला चुरा बघा. बोअरवाला आधी चुराच बघतो. कॉम्प्रेसरच्या हवेनं वर येणारी धूळ लाल, करडी की काळी, त्यावरून खाली मुरूम आहे, मांजऱ्या आहे की काळा पाषाण लागलाय ते कळतं. त्या फोटोत खडक वरून तांबूस आहे आणि चुरा राखेसारखा करडा. म्हणजे मंगळाचा लाल रंग वरवरचा, गंजाचा. आतला गाळाचा दगड तसा गंजलेलाच नाही. आसपास बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर त्या भेगांत पाण्यानं आणून बसवलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या आहेत. गाडीच्या पोटातल्या यंत्रानं चुऱ्यावर क्ष-किरण टाकून बघितले, तर त्यात चिकणमातीची खनिजं निघाली. तिथं कधीकाळी पाणी साठून होतं, आणि तेही फार खारट किंवा आम्लट नव्हतं, हे त्या चिमूटभर चुऱ्यावरून ठरलं.

आमच्याकडं पॉइंट पाणाड्या काढतो. तळहातावर नारळ उभा राहिला की तिथं मारा. (नारळ उभा राहूनही साडेचारशे फूट नुसती धूळ निघालेली मी पाहिलीय, आणि बांधावर गप्प उभा असलेला तो शेतकरीही.) मंगळावर पाणाड्याचं काम वरून फिरणाऱ्या यानांनी केलं. क्युरिऑसिटी जिथं उतरली ते गेल विवर १५४ किलोमीटर रुंद, मधोमध साडेपाच किलोमीटर उंच डोंगर, आणि त्याच्या पायथ्याच्या थरांत चिकणमाती, त्यावर सल्फेट, हे आधीच वरून दिसलं होतं. गाडी खालून वर चढतेय, म्हणजे जुन्या थराकडून नव्याकडं.

जुनं भोक डोळ्यात बसलं की चालू कामाकडं या. रोज सगळे फोटो उघडायचे नाहीत. आधी फक्त पुढचा हॅझकॅम बघा, म्हणजे चाकांपुढचा खालचा कॅमेरा. त्यात सगळं वाकडं दिसतं, घाबरू नका, भिंगच तसं आहे. त्यात हात दगडावर टेकलेला दिसला तर थांबा. नाही दिसला तर त्या दिवशी पुढं चला. हात टेकला असेल तर त्याच सोलचे मॅहलीचे आणि गाडीच्या खांबावरच्या मास्टकॅमचे फोटो उघडा. दगड ब्रशनं झाडलेला असेल, तर बोअरची शक्यता वाढली. मग दोन-चार सोल लक्ष ठेवा. आधी अंगठ्याएवढी चित्रं येतात, मोठी मागाहून उतरतात. शास्त्रज्ञ मंडळी कामाच्या छोट्या नोंदीही लिहितात, त्यात पुढचा बेत कळतो.

एक सावधगिरी. सावली कुठल्या बाजूला पडलीय ते आधी बघा. मी एकदा तीन दिवस एका उंचवट्याला खड्डा समजत होतो. थोरलीनं लॅपटॉप उलटा धरला तेव्हा उलगडा झाला. मापाला चाकाचा माग धरा, चाक ४० सेंटिमीटर रुंद आहे.

आता खास बोअरवाल्यांसाठी. डिसेंबर २०१६ मध्ये क्युरिऑसिटीचं ड्रिल खाली रेटणारी यंत्रणा बिघडली. माझी एकदा रॉड ढकलणारी साखळी तुटली होती. जतहून मिस्त्री आला, संध्याकाळी काम सुरू. तिथं मिस्त्री जाणार कसा? नुसता निरोप पोचायलाच ३ ते २२ मिनिटं. दीड वर्ष बोअर बंद. शेवटी त्यांनी बिट, म्हणजे ड्रिलचं टोक, कायमचं बाहेर काढून ठेवलं आणि सगळ्या हाताचाच जोर लावून दगडात रेटायचं ठरवलं, आपण हातात ड्रिल धरून भिंतीला भोक पाडतो तसं. मे २०१८ मध्ये 'डुलुथ' नावाच्या दगडात ते जमलं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं भोक शेजारी ठेवून बघाच.

पर्सिव्हिअरन्स जेझेरो विवरात आहे. ती चुरा करत नाही, खडूसारखी दगडाची कांडी काढून नळीत बंद करते. ऑगस्ट २०२१ मधली तिची पहिली नळी रिकामी निघाली. यंत्र ठणठणीत होतं, दगडच इतका भुसभुशीत की कांडी न होता भुगा झाला. त्या बातमीवर मी खूप हसलो, कारण असल्या खडकानं माझं केसिंग कितीदा खाल्लंय. सप्टेंबरात त्यांनी दुसरा, कठीण दगड निवडला आणि कांडी मिळाली.

साधारण २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडं जातो. तेव्हा दोनेक आठवडे गाडीला हुकूम पाठवत नाहीत, फोटोही जवळजवळ थांबतात. त्या दिवसांत पान सारखं उघडू नका. आम्हीही पावसाळ्यात रानात चिखल झाला की गाडी धुऊन शेडमध्ये उभी करतो.