न्यूरो आयसीयूत रिसर्च करायचाय? मग आधी टीम जमवा

बऱ्याच ठिकाणी काय होतं, दोन न्यूरोसर्जन आणि एक न्यूरोलॉजिस्ट बसून प्रोटोकॉल म्हणजे अभ्यासाचा आराखडा लिहितात, वर्षभर डेटा गोळा होतो आणि मग स्टॅटिस्टिक्सवाल्याला फोन जातो, तो बिचारा म्हणतो एवढ्या पेशंटमध्ये काहीच सिद्ध होणार नाही. म्हणून त्याला पहिल्याच मीटिंगला बोलवा, प्रश्न अजून कच्चा असतानाच.

एकट्या हॉस्पिटलच्या जोरावर मोठा प्रश्न सोडवायला जाऊ नका. डोक्याला मार लागलेल्यांना सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड द्यायचे, कितीतरी वर्षं, आणि छोट्या ट्रायल्समधून (पेशंटवर उपचार ताडून बघणारे अभ्यास) धड हो पण नाही धड नाही पण नाही. शेवटी क्रॅश नावाच्या ट्रायलने 49 देशांतून 10,008 पेशंट घेतले आणि 2004 ला निकाल आला: दोन आठवड्यांत स्टिरॉइडवाल्यांत 21.1 टक्के मृत्यू, स्टिरॉइड न दिलेल्या गटात 17.9. म्हणजे चांगलं समजून देत होतो त्यानेच माणसं जात होती!

आणि नुसते आकडे वाढवायला सेंटर जोडू नका, वेगळ्या परिस्थितीतली जोडा. कवटीतलं प्रेशर मोजणारा मॉनिटर लावून उपचार करायचे की सीटी आणि तपासणीवर, हा प्रश्न बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या 324 पेशंटवर तपासला गेला (2012), निकालात लक्षणीय फरक दिसला नाही. जिथे मॉनिटर सर्रास लावतात तिथे मॉनिटरशिवायचा गट करायला कोण तयार झालं असतं? याचा अर्थ मॉनिटर फेकून द्या असा नाही हं, तो अर्थ लावणारे बरेच भेटतात.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायचा ते. मोजमाप. पेशंट किती शुद्धीवर आहे हे डोळे, बोलणं आणि हालचाल बघून गुणांत सांगणारा ग्लासगो कोमा स्केल 1974 पासून आहे, सगळ्यांना येतो असं सगळ्यांना वाटतं. एक प्रयोग करा, एकाच पेशंटचा स्कोर नर्स, रेसिडेंट आणि फिजिओला वेगवेगळा लिहायला सांगा, एकमेकांचा न बघता. एकजण नखावर पेन दाबतो, हात मागे ओढला, मोटर (हालचालीचे गुण) 4. दुसरा भुवईच्या वर दाबतो, हात कॉलरबोनच्या वर आला, मोटर 5. श्वासाची नळी घातली असेल तर बोलण्याच्या रकान्यात कोणी 1 टाकतं, कोणी टी (ट्यूब, म्हणजे नळी आहे) लिहितं. पाच सेंटरमध्ये असं चाललं तर तुमचा डेटा म्हणजे खिचडी. उपाय साधा आहे, कुठे दाबायचं, किती सेकंद, सिडेशन (गुंगीचं औषध) बंद करून किती वेळाने, हे लिहून ठेवा आणि ते लिहिताना नर्सना बसवा, कारण दर तासाला तपासतात त्या, आपण राऊंडला दोन मिनिटं टेकतो.

घरच्यांचंही ऐका. 'संध्याकाळी हाक मारली की डोळे उघडतो' म्हणाले तर भास म्हणून सोडून देऊ नका, वेळ टाकून नोंद करा. 2024 च्या एका मल्टीसेंटर अभ्यासात, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या पेशंटपैकी साधारण चौघांत एकाचा मेंदू एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारा स्कॅन) किंवा ईईजीवर (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) सूचनेला प्रतिसाद देताना दिसला. हे बघायला सिग्नल प्रोसेसिंगवाला इंजिनिअर लागतो, तोही टीममध्ये घ्या.

बरे झालेले पेशंट आणि नातेवाईक आउटकम, म्हणजे उपचाराचं यश कशावर मोजायचं ते, ठरवतानाच हवेत. आपण सहा महिन्यांनी पेशंट किती बरा झाला हे सांगणारा आठ पायऱ्यांचा स्केल भरून मोकळे होतो, त्यांना विचारायचं असतं की तो मला ओळखेल का, एकटा बाथरूमला जाईल का. असा एखादा प्रश्न सेकंडरी आउटकममध्ये (मुख्य मोजमापाच्या जोडीला) घातला तर कोणाचं काय बिघडतं.

राहिलं भांडणाचं. पेपरवर कोणाचं नाव, कोणत्या क्रमाने, डेटा कोणाला वापरता येईल, हे पहिला पेशंट घ्यायच्या आधी लेखी ठरवा, नंतर ठरवायला गेलात तर मैत्री जाते. मीटिंगची वेळ फिरती ठेवा, दरवेळी एकाच देशातल्या लोकांनी रात्री दोनला का उठायचं. आणि डेटा भरणाऱ्या नर्सचा पगार बजेटमध्ये वेगळा दाखवा, ड्युटी संपल्यावर फुकटात भरलेल्या फॉर्ममध्ये रिकामे रकाने किती असतात ते एकदा उघडून बघाच.