खिद्रापूर-यडूरकडं कृष्णाकाठी चालायला जाताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, सकाळी जरा गारवा पडायला लागला की आमच्या चिकोडी-निपाणी भागात पै-पाहुण्यांचा एकच प्रश्न असतोय, रविवारी चालायला कुठं जायचं, आणि डोंगर नको म्हणे, गुडघे दुखतात, पोरं लहान आहेत, सोपं काहीतरी सांगा. माझं उत्तर ठरलेलं आहे, कृष्णाकाठ. एकतर नदीकाठचं खिद्रापूर, कोपेश्वराचं देऊळ, घाट, जैन मंदिर आणि मागच्या पाणंदी, म्हणजे शेतातल्या गाडीवाटा, नाहीतर आपल्याच तालुक्यातलं यडूर, वीरभद्राच्या देवळापासून नदीच्या कडेकडेनं. चढ नाही, दगडधोंडे नाहीत, तास-दीड तासात आरामात होतंय. पण सोपं आहे म्हणूनच लोक काही न विचारता निघतात आणि अर्ध्यातनं चिडून परत येतात, आणि मग सांगत सुटतात की तिथं काही नाही बघायला. ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोबाईलच्या मॅपवर डोळे झाकून जाणं. मॅप जवळचा रस्ता दाखवतो आणि जवळचा रस्ता आमच्याकडं बहुतेक वेळा बंधाऱ्यावरनं जातो. मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर, भोज-कारदगा, जत्राट-भिवशी, हे सगळे कमी उंचीचे, पावसाळ्यात पहिल्यांदा हेच पाण्याखाली जातात. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये सदलग्याच्या आत्याला कोपेश्वराला न्यायचं म्हणून मी अशीच गाडी काढली, आमच्याकडं त्या दिवशी चक्क ऊन पडलेलं, मॅप म्हणतोय सरळ जा, आणि काठावर पोचलो तर बंधारा कुठंच दिसेना, नुसतं तांबूस पाणी आणि त्यातनं वाहत चाललेला उसाचा पाला. बांधावर बसलेले एक आजोबा ओरडले, "ओ पावणं, कुठं निघालासा? पाणी चढालंय की!" आत्या गाडीतनंच हात जोडून नमस्कार करून म्हणाली, चल बाबा घरी, देवाला कळतंय सगळं.

तर हे लक्षात घ्या, की इथं पाणी चढायला इथं पाऊस पडावा लागत नाही. दूधगंगेचं पाणी वरनं काळम्मावाडी धरणाकडनं येतं, कृष्णेचं कोयनेकडनं, आणि राधानगरीचं भोगावती-पंचगंगेतनं नरसोबावाडीला कृष्णेत मिसळतं. म्हणजे आकाश निरभ्र आणि नदी फुगलेली, असं होऊ शकतं. पावसाळ्यात निघायच्या आधी बातम्यांत कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग बघा, तो आकडा रोज वाढत असेल तर बेत पुढं ढकला. नरसोबावाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दारातनं बाहेर पडलं, अशी बातमी आली तर प्रश्नच नाही, तोवर आमचे खालचे बंधारे कधीच बुडालेले असतात. 2019 च्या ऑगस्टमधला आणि 2021 च्या जुलैमधला महापूर ज्यांनी काठावर राहून बघितलाय त्यांना हे सांगावं लागत नाही, पण बेळगाव-हुबळीकडनं येणाऱ्यांना सांगावं लागतं. आणि कुणी म्हणालं गुडघाभरच पाणी आहे, जातंय गाडी, तर अजिबात ऐकू नका. परत फिरा आणि मोठ्या पुलाचा रस्ता विचारा, लांब पडला तरी चालेल.

मॅपचीच अजून एक गंमत, दोन गावं नकाशावर शेजारी दिसतात पण मध्ये नदी असते. जुगूळ आणि खिद्रापूर बघा, समोरासमोर, एक कर्नाटकात कागवाड तालुक्यात, एक महाराष्ट्रात शिरोळ तालुक्यात, मध्ये कृष्णा. त्यामुळं निघायच्या आधी आपण नदीच्या कुठल्या काठाला आहोत ते ठरवा, किलोमीटर नंतर मोजा. नावांचाही घोळ असतोय, यडूर, येडूर, कन्नडात अजून वेगळा उच्चार, त्यामुळं शोधताना तालुका घाला, चिक्कोडी. पाट्या आमच्याकडं कन्नडात जास्त, वाचता येत नसेल तर लाजू नका, कुठल्याही टपरीवर मराठीत विचारा, सांगतात.

आता चिखल. पाऊस थांबून दोन दिवस झाले, वरनं वाळल्यासारखं दिसतंय म्हणून लोक पांढरे स्पोर्ट शूज घालून पाणंदीत शिरतात. ही काळी माती आहे मंडळी. पहिल्या दहा पावलांत तळव्याला पातळ थर बसतो, मग त्याला माती चिकटते, त्या मातीला अजून माती, वर उसाचं पाचट चिकटतं, आणि शंभर पावलांनी एकेक पाय वीट बांधल्यासारखा जड होतो. वाळून पक्की होईपर्यंत ही माती सोडत नाही. मधेच अडकलात तर पाय आपटत बसू नका, त्यानं अजून घट्ट बसते, बांधावरच्या गवतात पाय घासा, उरलेली काडीनं काढा आणि पाणंद सोडून डांबरी धरा. मोठा पाऊस झाल्यावर आठवडाभर तरी मधल्या वाटेला जाऊच नये, खरं म्हणजे दसऱ्यानंतरच जावं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान.

उन्हाळ्यात दहा वाजता सुरू करणं ही पण चूकच. ऊस डोक्यावर गेलेला असला तरी सावली देत नाही, उलट वारा अडवतो, मधे नुसतं कोंडल्यासारखं होतं. सहा-साडेसहाला चालायला लागा.

उसाचं अजून एक, दोन्ही बाजूला ऊस उंच असला की सगळ्या पाणंदी सारख्याच दिसतात आणि माणूस फिरून फिरून त्याच विहिरीपाशी येतो. आत शिरताना देवळाचं शिखर, पाण्याची टाकी, मोबाईल टॉवर, काहीतरी एक खूण धरा, आणि चुकलात तर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या ज्या बाजूला जास्त खोल तिकडं चला, ती वाट बहुतेक वेळा मोठ्या रस्त्याला लागते. तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या भरून येतात, मागचं त्यांना दिसत नाही, आवाज आला की पोरांना हाताला धरून बांधावर चढा. पाचटात घोणस असते, म्हणून वाटेच्या मधनं चला आणि पाचटात पाय घालू नका. चावलीच तर घट्ट आवळून बांधणं, चिरा मारणं, मंत्र-तंत्र यात वेळ घालवू नका, माणसाला चालवू नका, गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना गाठा.

नदीच्या काठावर मात्र मला थोडं रागानंच बोलायचंय. फोटोसाठी पोरं पाण्यात उतरतात. काठाला गाळ असतो, वरनं कडक दिसतो आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत जातो. कृष्णेत मगरी आहेत, ही ऐकीव गोष्ट नाही, काठावरचे लोक बघतात. आणि तिसरी गोष्ट बाहेरच्यांना माहीतच नसते, काठावरनं पाण्यात गेलेल्या शेतीपंपाच्या केबली. लाईट कधी रात्री येते, कधी दिवसा, मोटार बंद दिसली तरी केबलला हात लावायचा नाही, ओलांडून जायचं नाही. बसायचं असेल तर घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर बसा.

देवळात लोक करतात ती चूक वेगळीच, घाई. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ 12 व्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं, आणि माणसं दहा मिनिटांत सेल्फी काढून बाहेर. स्वर्गमंडपात थांबा जरा. 48 खांब, वर छताला गोल मोकळं आभाळ, आणि बरोबर त्याच्या खाली तेवढीच गोल शिळा. सकाळी उन्हाचा कवडसा आधी खांबांवर असतो, मग हळूहळू खाली सरकत जमिनीकडं येतो, अर्धा तास एका जागी बसलात तर तो हलताना चक्क दिसतो. मग बाहेरनं फिरून पायाशी हत्तींची रांग बघा, दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा शिलालेख बघा. कोरीव कामावर हात फिरवू नका, खडूनं नावं लिहू नका. शंकराच्या देवळात नंदी नाही हे लक्षात येतंय का बघा. लोक सांगतात की सती दक्षाच्या यज्ञाला निघाली ती नंदीवर बसून, आणि यज्ञ झाला यडूरला, म्हणून नंदी यडूरला आणि रागावलेला देव, कोपेश्वर, इकडं. म्हणून मी म्हणतो दोन्ही गावं करा, पण एका दिवशी नको, एका रविवारी एक.

खायचं बरोबर घ्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन लिटर पाणी. हिवाळ्यात वाटेवर गुऱ्हाळ चालू दिसलं तर विचारून आत जा, गरम काकवी हातावर देतात, पण उकळत्या काहिलीजवळ लहान पोरांना अजिबात नेऊ नका. परत येताना सैनिक टाकळीवरनं आलात तर गाडी हळू चालवा, फौजींचं गाव आहे, पोरं पहाटे रस्त्यावर पळत असतात भरतीसाठी.

बसनं जाणार असाल तर उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस कंडक्टरलाच विचारा, स्टँडवरचं जुनं वेळापत्रक धरू नका, आणि कर्नाटकची बस, महाराष्ट्राची एसटी दोन्हींचं विचारा. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी चालायचा बेत नको, त्या दिवशी दर्शनाला जा. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाच्या त्या गोल झरोक्यावर येतो म्हणून पुष्कळ गर्दी होते, तो बघायला जायचंच असेल तर टॉर्च आणि स्वेटर घ्या आणि रात्री पाणंदीत शिरू नका, गाडी गावातच लावून देवळापर्यंत डांबरीवरनं चालत जा.