मातीच्या बांधाला ओल दिसली? या चुका टाळा

तळ्याच्या बांधाच्या मागच्या, म्हणजे कोरड्या बाजूच्या पायथ्याला ओल दिसली की बहुतेक मालक ट्रॉलीभर चिकणमाती आणतात आणि ओल्या जागेवर थापून मोकळे होतात. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. बाहेर यायची वाट बुजली की पाणी आतच तुंबतं, ओल वर चढत जाते आणि एक दिवस अख्खा उतार घसरतो.

आधी पाझर ओळखा. काचेच्या बाटलीत ते पाणी धरा आणि बाटली रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळ स्वच्छ असेल तर जागेवर खूण करा आणि पाझर वाढतोय का ते दर आठवड्याला बघा. अशा ओलीवर आधी भरड वाळू, मग खडी, वर दगड असा थर द्यावा: पाणी निघून जातं, माती जागेवर राहते. तळाशी गाळ बसला तर मात्र पाणी आतली माती पोखरतंय. आणि पाझर डोळ्यांनाच गढूळ दिसत असेल तर बाटलीच्या भानगडीत पडू नका. ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीला सावध करा, तळ्याची पातळी उतरवायला घ्या, जाणकार अभियंत्याला बोलवा. अमेरिकेतलं टेटन धरण मातीचंच, सुमारे 93 मीटर उंच. 5 जून 1976 ला सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपारचे बारा वाजायच्या आत ते फुटलं.

एरवी, घाई नसताना, तळं एकदम रिकामं करू नका. पाण्याकडचा भिजलेला उतार आधार सुटला की ढासळतो.

दुसरी खोड सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेची. चार बोटं पाणी जास्त साठावं म्हणून तोंडाशी पोती रचतात, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावतात. जाळीत पालापाचोळा अडकतो, पुराचं पाणी माथ्यावरून जातं, आणि मातीचा बांध ते फार वेळ सोसत नाही.

बांधावर गवत हवं, झाडं नकोत. रोप लहान असतानाच उपटा. मोठं झाड नुसतं तोडलं तर मुळं कुजून आत पोकळ्या राहतात. म्हणून पाणी कमी असताना बुंधा मुळांसकट काढून खड्डा 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट दाबून, भरावा लागतो. खेकड्यांची आणि घुशींची बिळंही नुसती तोंडाशी बुजवून उपयोग नाही, शेवटापर्यंत खणून काढा.

माथ्यावर लांब भेग दिसली तर माती लोटून झाकू नका. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि मधलं अंतर तारखेसह वहीत लिहा. अभियंता आल्यावर पहिल्यांदा तेच विचारेल.