नव्या वसाहतीमुळे वाहतूक किती वाढेल, ते कसं मोजावं

बीड बायपासलगत मोठी वसाहत येणार असेल, तर आधी जवळच्या चौकात गर्दीच्या वेळी दर 15 मिनिटांची वाहनगणती करा. सगळी वाहनं एकाच मापात आणायला कार 1 एकक धरा. दुचाकींचा वाटा 10 टक्क्यांवर गेला की दुचाकी 0.75. आपल्याकडे तो जातोच. आठवडी बाजाराच्या दिवशी आकडे फुगतात, दिवाळीच्या सुटीत पडतात. ते दिवस टाळा.

मग तशाच जुन्या वसाहतीच्या गेटवर दिवसभराच्या फेऱ्या मोजा, त्यांना सरासरी अंतराने गुणा. हे झाले वाहन-किलोमीटर. धुराचा हिशेब यावरच बसतो. नुसती चौकातली कोंडी पाहिली तर फेऱ्या लांबच्या असूनही गावाबाहेरचा प्रकल्प उगाच निर्दोष ठरतो. कॅलिफोर्नियाने 2020 पासून कोंडी सोडून वाहन-किलोमीटरचाच निकष धरला, तो यामुळेच.

उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर वेगळे मोजा. गणतीतून नेमके तेच सुटतात.